विजेची बेगमी: दोन किलोवॉट, तीन की दहा?

प्रश्न : काकू, नमस्कार. कराडपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. खाली पिठाची गिरणी आणि मिरचीचं कांडप, वर आम्ही राहतो. मिस्टर गिरणी बघतात. मी दिवाळीत आणि लग्नसराईत फराळाच्या ऑर्डरी घेते, वर्षाला मोठे सहा-सात सिलिंडर जातात. घरचं बिल डिसेंबरात २,३०० आलं आणि मे महिन्यात ४,८००. गिरणीचं मीटर वेगळं, ते बिल वेगळं. दर वेळी दळणाचा दर वाढवावा लागतो आणि गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागतात. गेल्या जूनमध्ये एक सोलरवाला आला होता. म्हणाला, दहा किलोवॉट बसवा, बिल शून्य, वर वीज विकून महिन्याला पैसे. मी नको म्हटल्यावर त्याने तीन किलोवॉटचं कोटेशन दिलं १,९५,००० चं आणि दोनचं १,३५,००० चं. धाकटे दीर म्हणतात एफडी मोडू नका, सरकार उद्या नियम बदलेल. सासूबाई म्हणतात गच्ची गेली तर वाळवणं कुठे घालायची? मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते २०१९ मध्ये गेले. बारा महिन्यांच्या बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. काय करू?

उत्तर : तुमच्या घरातल्या सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर आहे. सगळ्यात कमी बरोबर आहे ते सोलरवाल्याचं.

तुमची बारा बिलं मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि आधी पैशाचा आकडा झाकून फक्त युनिट वाचली. एकतीस वर्षं सहकारी बँकेत कर्ज खातं सांभाळल्यावर ही खोड लागते. डिसेंबरात २०८, मेमध्ये ३७२, वर्षाचे सगळे मिळून ३,१२०, म्हणजे महिन्याला सरासरी २६०. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या मीटरला एका वेळी ओढायला परवानगी दिलेली वीज, ३ किलोवॉट. हे आकडे लक्षात ठेवा, सगळं उत्तर त्यांच्यावर उभं आहे.

एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे साठवणीच्या गव्हाची चौकशी करणारी माणसं येतात ना? लोक वर्षाचा गहू एकदम का भरतात? त्या दिवशी तो फुकट मिळतो म्हणून नव्हे. आषाढात बाजार काय भाव काढेल ते कोणालाच माहीत नसतं म्हणून. सोलर म्हणजे हीच बेगमी, फक्त पंचवीस वर्षांची. वीज फुकट मिळत नाही, तिचे पैसे आधी भरून भाव बांधून घेता येतो. "बिल शून्य" म्हणणाऱ्याला हे सांगायचं नसतं, कारण शून्य हा शब्द जास्त खपतो.

आता तारेतून येणाऱ्या विजेचा भाव हलतो कशाने, ते बिलावरच लिहिलेलं आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारेतून वीज पोचवल्याचे पैसे), आणि त्याखाली एक ओळ : इंधन समायोजन आकार. काही महिने ती शून्य असते, काही महिने नसते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. वीज बनवायला लागणारा कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज ठरल्यापेक्षा महाग पडली, की तो फरक या ओळीतून आपल्यापर्यंत पोचतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २०२० मध्ये टनाला ५० डॉलरच्या आसपास असलेला परदेशी कोळसा त्या वर्षी ४०० डॉलरच्या पुढे गेला. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे देशी कोळसा कमी पडला आणि बाहेरचा मिसळा असा आदेश निघाला. मार्चअखेरीला वीज बाजारात एका युनिटचा भाव २० रुपयांना जाऊन टेकला, शेवटी नियामक आयोगाला १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली. आणि पावसाळ्यात आपल्या बिलांवर १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्याला युनिटमागे १ रुपया ४५ पैसे जास्तीचे लागले. लढाई कुठे, आणि मिक्सर फिरतोय कराडात.

तुम्ही ज्या मुलखात राहता तिथे याचं फार चांगलं उदाहरण आहे. घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्यात गेलं की चिपळूण तालुक्यात पोफळी लागतं. कोयनेचं पाणी तिथे डोंगराच्या पोटातल्या टर्बाइनवर पडतं आणि साठ वर्षांहून जास्त काळ वीज देतंय. त्याच जिल्ह्यात, शेजारच्या गुहागर तालुक्यात, अंजनवेलला दाभोळचा वीज प्रकल्प झाला, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा. १९९९ मध्ये तो नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या इंधनावर, सुरू झाला आणि करार असा, की इंधन चढलं तर विजेचा दर चढणार, डॉलर चढला तरी चढणार. दोन वर्षांत राज्य वीज मंडळाला ती वीज परवडेना. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. कोयनेचं पाणी डॉलरमध्ये विकत घ्यावं लागत नाही, दोन्हींत एवढाच फरक. (कोयनेची खरी किंमत धरणग्रस्तांनी मोजली आणि ती कुठल्याही बिलावर छापून आली नाही, हेही इथे म्हटलं पाहिजे.) पाणी, वारा, ऊन यांच्या विजेत खर्च असतो तो बांधतानाच. एकदा तो झाला की इंधनाचा रकाना कोराच राहतो. तुमच्या गच्चीवर जे बसेल ते पोफळीचं धाकटं भावंड समजा.

आता हिशेब. तो नीट वाचा, कारण दोन की तीन हे इथे ठरतं.

तुमच्याकडच्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. जून ते ऑगस्ट ढगांनी कमी होतं, मार्च-एप्रिल भरून काढतात. मी वर्षाला एका किलोवॉटमागे १,३५० युनिट धरते. हा आकडा हात राखून धरलेला आहे. म्हणजे दोन किलोवॉट देतील २,७००, तीन देतील चार हजारांच्या आसपास.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती मीटरच्या सोलरला अनुदान आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला फक्त १८,०००, आणि त्यापुढे कितीही लावा, एकूण ७८,००० वर थांबतं. त्यामुळे दोन किलोवॉट तुम्हाला पडतं १,३५,००० वजा ६०,०००, म्हणजे ७५,००० ला. तीन पडतं १,१७,००० ला. नुसता तिसरा किलोवॉट ४२,००० चा झाला.

त्या ४२,००० चं तुम्हाला काय मिळतं? तुमच्या बिलात पहिली शंभर युनिट वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून साधारण सात रुपयांना पडतात. १०१ च्या पुढची तेराच्या आसपास. मेमध्ये ३०० च्या वर गेलात ती आणखी महाग. दोन किलोवॉट लावलंत की ही वरची सगळी महाग युनिट निघून जातात आणि उरतात वर्षाची ४२० युनिट, तीही खालच्या स्वस्त टप्प्यातली. ती वाचवायला तिसरा किलोवॉट घेतला, तर वर्षाला तीन हजारही वाचत नाहीत. बेचाळीस हजार वसूल व्हायला चौदा-पंधरा वर्षं. पहिले दोन किलोवॉट मात्र वर्षाला पंचवीस हजारांच्या पुढे वाचवतात, म्हणजे तीन वर्षांत मोकळे.

पंचवीस वर्षांचं बघायचं, तर ७५,००० मध्ये मधेच एकदा इन्व्हर्टर बदलण्याचे तीस हजार घाला (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारी ही पेटी, ती पॅनेलइतकी टिकत नाही), किरकोळ दुरुस्तीचे पंधरा घाला. झाले १,२०,०००. पॅनेल दर वर्षी किंचित मंदावतात, ते वजा करून साठ हजार युनिट धरा. युनिट पडलं दोन रुपयांना, आणि पंचवीस वर्षं दोन रुपयांनाच. त्यात इंधन समायोजनाची ओळ नाही.

दहा किलोवॉटवाल्याचं मी एवढ्यातच उरकते. मंजूर भारापेक्षा मोठं सोलर नेट मीटरवर (तारेत सोडलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर) बसवायचं तर भारही वाढवावा लागतो आणि तुमचा भार तीन आहे. अनुदान ७८,००० च्या पुढे नाही. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे सरकतात, ३१ मार्चला खातं बंद होतं आणि जी उरली ती वीज कंपनी घेते, पण तुम्ही ज्या दराने विकत घेता त्याच्या पुष्कळ खाली. ज्वारी पिकवून ती तुमच्याच गिरणीत पडत्या भावात विकण्यासारखं आहे ते.

दिरांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नियम बदलू शकतो. दुपारी जास्तीची झालेली वीज तारेत सोडायची आणि रात्री परत घ्यायची, ही नेट मीटरची सोय नियमाने दिलेली आहे आणि नियमच ती बदलू शकतो. दिवसाची शिल्लक रात्रीच्या वापरात धरायची की नाही, यावरून मध्यंतरी राज्यात बरीच ओरड झाली होती. पण जे युनिट ऊन असतानाच तुमच्या घरात खपलं, ते मीटरपर्यंत जातच नाही. त्याला कुठलाही नियम लागू होत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. सोलर गरजेपेक्षा मोठं घेऊ नका, आणि पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सरवरची वाटणं सकाळी दहा ते तीनच्या मध्ये ओढा. तुमच्या घरात दुपारी माणूस असतं, हा तुमचा मोठा फायदा आहे. नोकरदार जोडप्याला हे जमत नाही.

एफडीचं त्यांना असं सांगा. ७५,००० वर सात टक्के धरले तरी वर्षाला सव्वापाच हजार येतात. इथे पंचवीस वाचतात. हां, एफडीचं मुद्दल शेवटी हातात राहतं आणि पॅनेलचं राहत नाही, हे त्यांनी म्हणायच्या आधी तुम्हीच म्हणा, म्हणजे वाद मिटेल. आणि एफडी मोडायची नसेल तर मोडू नका. राष्ट्रीयीकृत बँका या योजनेत तीन किलोवॉटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात. हप्ता बिलाच्या बचतीत बसतो का ते बघून घ्या, बसेल.

आता सिलिंडर. तुम्ही पत्रात त्याला अर्धीच ओळ दिलीत, पण तिसऱ्या किलोवॉटचा निकाल तिथेच लागतो.

व्यापारी सिलिंडरचा भाव महिन्याच्या एक तारखेला बदलतो. मे २०२२ मध्ये मुंबईत तो २,३०० च्या पुढे गेला होता. देशात लागणारा निम्म्याहून जास्त स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो, तेव्हा हेही कोळशासारखंच परक्याच्या हातातलं दुखणं. दिवाळीच्या ऑर्डरी तुम्ही भाद्रपदात घेता, भाव तेव्हाच सांगून मोकळ्या होता, आणि सिलिंडर आणता अश्विनात. मधल्या महिन्यातल्या चढउताराचा बोजा तुमच्या चकलीवर.

१९ किलोच्या एका सिलिंडरमधली जेवढी उष्णता खरोखर कढईला लागते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला साधारण १६० ते १७० युनिट लागतात. बाकीची उष्णता कढईच्या कडेने निघून जाते, म्हणून तर दिवाळीत तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. दोन रुपयांच्या हिशेबाने ही युनिट झाली साडेतीनशेच्या आत. पण तळण मी इंडक्शनवर करा म्हणणार नाही. मोठ्या कढईत पंधरा किलो चकली काढायची तर साध्या शेगडीला तो दम नाही, आणि तेल गार झालं की चकली तेल पिते, ते मी तुम्हाला काय सांगणार. बेसन भाजणं, रवा भाजणं, पाक, चिवड्याची फोडणी, अनारशाच्या गुळाचं काम, हे सगळं जाड बुडाच्या सपाट भांड्यात दुपारी होऊ शकतं. तुमचा निम्मा गॅस तिथेच जात असणार. सहा-सातांतले तीन-साडेतीन सिलिंडर वाचले, तर वर्षाला साडेपाच-सहा हजार वाचतात आणि तिसरा किलोवॉट चौदाऐवजी पाच वर्षांत फिटतो.

यात एक खोच आहे. घरात राहून छोटा उद्योग करणाऱ्याला घरगुती दर चालू राहतो, पण महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत. तुम्ही वर्षाला ३,१२० वर आहात. इंडक्शनची पाचशे घातलीत तर रेघ ओलांडता, आणि मे महिन्यात आत्ताच ओलांडताय. सोलर बसल्यावर हा वापर कसा मोजतात ते वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात जाऊन विचारा, तोंडी नको, अर्जावर. म्हणून माझं मत असं. आधी दोन-अडीच हजारांची एक शेगडी आणा, लग्नसराईच्या दोन ऑर्डरींचं भाजण तिच्यावर करून बघा, हाताला जमतंय का ते कळू दे. जमलं आणि कार्यालयाचं उत्तर बरं आलं तर तीन. नाहीतर दोन, आणि मनात काही न ठेवता दोन.

गिरणीकडे येते. घरच्या सोलरची वीज गिरणीच्या मीटरला लावता येणार नाही, ते जोड वेगळे. गिरणीला अनुदानही नाही, ते फक्त घरांना. शिवाय तुमची मोटर फिरते कधी? तुम्ही लिहिलं नाहीत, पण गावाकडची गिरणी मला माहीत आहे. सकाळी थोडी घाई, आणि खरी गर्दी दिवेलागणीला, शेतातून माणसं परतल्यावर. तेव्हा सोलर झोपलेलं असतं. मग दुपारची वीज तारेत टाकून संध्याकाळी परत घ्यायची, म्हणजे पुन्हा तोच नियमाचा भरवसा, आणि तोही बिनअनुदानी पैशावर.

पण गिरणीचा एक गुण दुसऱ्या धंद्याला नाही. गिऱ्हाईक थांबत नाही, डबा थांबतो. झाकणावर नाव रंगवलेले पत्र्याचे डबे रांगेत ठेवून माणसं जातात. सकाळी ठेवलेला डबा संध्याकाळी न्यायचा, हे तुम्ही पाटी लावून वळण पाडू शकता, फार तर किलोमागे आठ आणे सूट द्या. मिरचीचं कांडप तर दुपारीच बरं, संध्याकाळच्या गर्दीत कोणाला ठसका नको. महिनाभर एक करा : मीटरजवळच्या भिंतीवर वही टांगा आणि सकाळी दहाला, दुपारी एकला, पाचला आणि गिरणी बंद करताना रीडिंग लिहा. मिस्टर कुरकुरतील, तुम्हीच लिहा. दिवसाच्या उन्हात निम्म्याहून जास्त युनिट सरकवता आली, तर गिरणीसाठी चार-पाच किलोवॉटचा विचार करण्यात अर्थ आहे. मग विजेचा मोठा भाग बांधलेल्या भावाचा झाला, की दर बिलाला दळण वाढवावं लागत नाही. नाही सरकली, तर ते पैसे मोटरवर घाला. तीन वेळा वाइंडिंग केलेली मोटर चालते छान, पण वीज जास्त खाते, आणि सैल पट्टा आणखी खातो.

सासूबाईंच्या वाळवणांचं उत्तर सोपं आहे आणि ते सोलरवाल्याने आपणहून द्यायला हवं होतं. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसतात, त्यांची सावली मागे उत्तरेला पडते. म्हणून ती गच्चीच्या उत्तरेकडच्या कडेला लावायची, म्हणजे सावली गच्चीबाहेर जाते आणि पुढची अख्खी दक्षिण बाजू कुरडया-पापडांना मोकळी. दोन किलोवॉट म्हणजे मोठी चारच पॅनेल. सगळं धरून दोनशे चौरस फुटांत भागतं. कावळ्यांचं मी काही करू शकत नाही.

सावलीवरून माझं सांगते. २०२० मध्ये मी साताऱ्यात माझ्या गच्चीवर दोन किलोवॉट बसवलं. बसवणारा एप्रिलमध्ये आला, भरदुपारी बारा वाजता. सावली कुठेच नव्हती. जानेवारीत बघते तर तीन वाजल्यानंतर पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या पॅनेलच्या कोपऱ्यावर, तव्याएवढी. तव्याएवढीच, पण पॅनेल एका माळेत ओवलेली असतात आणि एक मंदावलं की बाकीच्यांनाही मागे ओढतं. दोन हिवाळे मी ते सोसलं, मग स्वतःच्या खर्चाने सांगाडा दोन फूट उचलून घेतला. बँकेत लोकांच्या तारणाची कागदपत्रं भिंग लावून बघणारी मी, आणि स्वतःच्या गच्चीवर डिसेंबरात एकदा उभी राहिले नाही. तुम्ही राहा. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत सावल्या सगळ्यात लांब असतात. सकाळी नऊला आणि दुपारी साडेतीनला टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ, सगळ्यांच्या सावल्यांच्या कडा खडूने आखा आणि त्या रेघांबाहेर पॅनेल मागा.

आणखी दोन गोष्टी फक्त तुमच्यासाठी. साखर कारखान्याच्या गळीत हंगामात तुमच्याकडे गच्चीवर काजळी पडत असेल, आणि खाली गिरणी म्हणजे पिठाची धूळ. पीठ अधिक दव, काचेवर खळ तयार होते आणि उन्हाने वाळून बसते. हिवाळ्यात आठवड्याला एकदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. गिरणीची धूळ बाहेर टाकणारी नळी वर गच्चीच्या बाजूला निघत असेल तर आधी ती वळवून घ्या.

आणि लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेत काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं केलेलं असतं. बॅटरीवालं घेतलं तर चालतं, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो. तुमच्याकडे पंख्या-दिव्यांपुरता जुना बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तोच राहू द्या.

कामाला लागायचं तर पहिलं काम सोलरचं नाहीच. बिलावर सासरे अजून हयात आहेत. अनुदान ज्याच्या नावावर मीटर त्याच्या बँक खात्यात येतं, आणि ते खातं आता उघडता येणार नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र आणि घराचा उतारा घेऊन आधी नावबदलाचा अर्ज करा, सासूबाईंच्या नावावर केलंत तर सह्यांचा प्रश्नही लवकर सुटेल. नवं बिल हातात पडल्यावरच योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि तिथल्या यादीतलाच पुरवठादार निवडा. पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले असले पाहिजेत, नाहीतर अनुदान अडतं, हे कोटेशनवर लिहून घ्या. आणि कोटेशन नवं मागवा. तुमचं जूनचं आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एक सोडून तिघांकडून मागवा.

तोवर एखादा रविवार काढून ढेबेवाडीच्या बाजूला मान्याचीवाडीला जाऊन या, तुम्हाला लांब नाही. २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, शंभरेक उंबऱ्यांचं गाव. तिथल्या बायकांना विचारा श्रावणात किती युनिट पडतात, पुसायला कोण चढतं, बिल खरोखर किती येतं. दिरांनाही घेऊन जा.

गिरणीच्या वहीचा महिना भरला की त्या पानांच्या झेरॉक्स मला पाठवा, आणि मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटोही. तो हिशेब तेव्हा मांडू.